तपासणीपुरती भरलेली पेटी

बसा, मित्रांनो, पण माझ्यावर नको. डावीकडची बिजागरी गेली आहे, आणि लोकांनी बसून बसूनच ती घालवली आहे. मी एक जुनी लोखंडी पेटी. चिंचदरच्या सरकारी दवाखान्यात, औषधांच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा. झाकणावर तांबड्या रंगात 'साथरोग पेटी' असं लिहिलेलं होतं. आता त्यातला 'रोग' तेवढा शिल्लक आहे. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

माझा जन्म धुळ्याचा. उखर्डू मिस्त्री म्हणून एक म्हातारा कारागीर होता, त्याने पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. लग्नसराईत त्याच्याकडे पेट्यांची झुंबड असायची. माझ्या बहिणींवर त्याने मोर काढले, कमळं काढली, कुणाच्या झाकणावर नवरीचं नावही घातलं. त्या आंदणात गेल्या आणि आजही कुठेतरी लुगडी नि डांबरगोळ्या पोटात घेऊन सुखाने बसल्या असतील. मला मात्र त्याने करडा रंग फासला. सरकारी कामाला जायची आहे, हिला मोर कशाला, असं तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं, पण मला ते लागलं होतं. अजून लागतं.

चिंचदर म्हणजे पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेलं गाव. तिथे मला आणलं आणि माझं पोट भरलं. सलाईनच्या बाटल्या, नळ्या, सुया, मीठ-साखरेच्या पुड्या आणि विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. मित्रांनो, माझं काम मोठं विचित्र होतं. इतर वस्तू वापरल्या की कामाला येतात. मी मात्र गावात सगळं ठीकठाक असताना भरलेलं राहायचं, आणि ज्या दिवशी गाव आडवं पडेल त्या दिवशी उघडायचं. वर्षभर कुणाच्या डोळ्यांत भरायचं नाही, उलट अडगळ म्हणून बोलणी खायची, हे माझ्या कपाळी लिहिलेलंच होतं.

पहिले डॉक्टर मोठे खवीस होते. हसताना त्यांना कुणी पाहिलं नाही. पण दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ते स्वतःच्या हाताने माझं झाकण उघडायचे आणि आत वाकून बघायचे. नव्याने आलेल्या नर्स कुंदाबाई एकदा म्हणाल्या, "सर, परवाच तर पाहिलं होतं." त्यावर ते म्हणाले, "बाई, साथ काय पत्रिका पाठवून येते?" एवढं बोलून पुन्हा तोंड मिटलं. असे ते होते.

आणि साथ आलीच. त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यात आली, पत्रिकेशिवाय. घराघरात हगवण-उलटी सुरू झाली. बैलगाड्यांतून माणसं आणून व्हरांड्यात निजवली. त्यात रुपचंदची नवी नवरी धुरपदाबाई होती. डोळे खोल गेलेले, हाताची नाडी लागत नव्हती, सासू बाहेर बसून रडायला लागली होती. शिपाई झुलालने माझं झाकण वर केलं आणि माझ्या पोटातल्या बाटल्या एकामागून एक तिच्या उशाशी टांगल्या गेल्या. ती जगली. उठून बसली आणि हे पाणी कुठून आलं म्हणून तिने झुलालला विचारलं. त्याने माझ्याकडे बोट केलं. धुरपदाबाई भिंतीला धरत धरत आली आणि माझ्या पत्र्यावर तिने हात ठेवला. मित्रांनो, मोर नसल्याचं दुःख त्या दिवशी मी विसरले.

साथ ओसरली. पेपरात दोन ओळी छापून आल्या, डॉक्टरांना हार पडला, झुलालने उरलेला अर्धा हार माझ्या कडीला बांधला. डॉक्टरांनी भांडून भांडून मला पुन्हा भरून घेतलं. मग त्यांची बदली झाली. भांडणाऱ्या माणसाची बदली लवकर होते.

मंगळवार येत राहिला, पण मंगळवारी झाकण उघडणारा हात गेला तो गेलाच. नंतर आलेले डॉक्टर वाईट नव्हते, हे आधी सांगते. रात्री-अपरात्री उठायचे, गोड बोलायचे. पण त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. सरपंचाच्या सासऱ्याला अशक्तपणा आला, लावा सलाईन. पुढाऱ्याला नवरात्राचे उपास बाधले, लावा सलाईन. आमच्याकडे बाटली टांगल्याशिवाय औषध लागू पडल्यासारखं वाटतच नाही कुणाला. कपाटातल्या बाटल्या संपल्या की माझ्या पोटात हात जायचा. "साथ कुठे आलीये आत्ता? पुढच्या महिन्यात भरून ठेवू," असं प्रत्येक जण म्हणायचा. जिल्ह्याला मागणी गेली की उत्तर यायचं, यंदाचं वाटप झालं. गरज सरो, वैद्य मरो, हे तुम्ही शाळेत म्हण म्हणून शिकता. मी ते पोट रिकामं होताना शिकले.

माझ्यावर चहाचे कप आले. मग कुटुंबनियोजनाच्या शिबिराच्या सतरंज्या आल्या. मग माणसंच बसायला लागली.

एक धुरपदाबाई तेवढी विसरली नाही. दसऱ्याला आमच्याकडे घरोघर नांगर, कोयते, विळे पुजतात. ती घरची पूजा आटोपली की ताट घेऊन दवाखान्यात यायची. माझ्या झाकणावर हळद-कुंकू वाहायची, झेंडूची दोन फुलं ठेवायची आणि हात जोडायची. तिला मुलगी झाली होती, लिला. पोर तिच्याबरोबर यायची, माझ्यावर चढून बसायची आणि टाचांनी माझ्या पोटावर ढोलकी वाजवायची. माझ्यावर इतके जण बसले, तेवढी ती एक मला कधी जड झाली नाही. पण एक गोष्ट त्या पोरीमुळे मला दर वर्षी कळायची आणि फार टोचायची. भरलेली पेटी वाजवली तर ठप्प वाजते. मी दर दसऱ्याला आदल्यापेक्षा जास्त खणखणीत वाजत होते. ते ऐकून धुरपदाबाई हसायची. तिने झाकण कधी उघडलं नाही. देवाचा गाभारा कोणी उघडून तपासतं का?

आता मुख्य गोष्ट सांगते. नीट ऐका, कारण हा घोटाळा कुणा एका चोराचा नाही. चोर असता तर बरं झालं असतं.

पोटं काही माझ्या एकटीचीच रिकामी नव्हती. आसपासच्या चारही दवाखान्यांतल्या पेट्यांची तीच गत. सगळ्यांचं मिळून एक पेटी भरेल एवढंच सामान उरलं होतं. आणि वर्षातून एकदा जिल्ह्याचे साहेब तपासणीला यायचे. पेटी रिकामी सापडली तर डॉक्टरला ठपका, नर्सला मेमो. मग या मंडळींनी काय करावं? खेड्यात मुलीला पाहायला पाहुणे येणार असले की शेजारची पितळेची भांडी मागून आणून फळीवर मांडतात ना, तसंच यांनी केलं. साहेब ज्या गावी जाणार, तिथे बाकीच्यांनी आपलं सामान आदल्या दिवशी पाठवायचं. साहेब बघून पुढे निघाले की तेच सामान गोणीत पेंढा घालून पुढच्या गावी. झुलाल गोणी घेऊन एसटीने जायचा. कुणाला यात पाप वाटत नव्हतं. शेजारधर्म वाटायचा. झुलाल तर म्हणायचा, आपण एकमेकांची अब्रू राखतो. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच, पण कीर्तन करणाऱ्यांनाही ते कीर्तनच वाटत होतं.

आणि ऐका पुढचं. ब्लीचिंग पावडरीचे डबेही त्यात होते. पावसाळ्यात ती पावडर विहिरीत पडायला हवी. पण डबा फोडला तर तपासणीत कमी दिसेल, म्हणून डबे फोडायचे नाहीत, मिरवायचे. पेटी भरलेली दिसावी म्हणून गावाची विहीर तशीच राहिली.

ते साल एक्क्याण्णव. श्रावणात घराघरात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली होती. तिच्या रोटांच्या जेवणाला पाहुणे आले होते, गाव दुप्पट झालं होतं आणि सगळं गाव त्याच एका विहिरीवर पाणी भरत होतं. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई विसर्जनाला नदीवर गेली आणि त्याच दुपारी साहेबांची जीप आली. मी तेव्हा काठोकाठ भरलेली होते. इतक्या वर्षांनी पोट भरलेलं, खरं सांगते, मलाही बरं वाटलं. साहेबांनी एक बाटली उचलली. तिचं लेबल अर्धं फाटलेलं होतं. ती उलटसुलट करून पाहिली, परत ठेवली, 'साठा समाधानकारक' असा शेरा मारला आणि चहा घेऊन निघाले. जीप वळणाआड झाली न झाली तोच झुलालने गोणी काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोहदर गावच्या दवाखान्याची तपासणी होती. कपाटात अडीअडचणीला ठेवलेल्या दोन-तीन बाटल्याही त्यात गेल्या, कारण मोहदरची पेटी मोठी. डॉक्टरही मोहदरलाच जाणार होते, साहेबांनी सगळ्यांना बोलावलं होतं. दवाखान्यात कुंदाबाई एकट्या राहिल्या.

मंगळवारी उजाडतानाच लिलाला उलट्या सुरू झाल्या. नऊ वाजेपर्यंत पोर मान टाकायला लागली. फाट्यावर नथ्थूचा ट्रक उभा होता, चाळीत साठवलेला कांदा भरून धुळ्याला निघालेला. नथ्थू भला माणूस. पोरीला पाहून तो स्वतः म्हणाला की कॅबिनमध्ये बसा, कुठेही न थांबता धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचवतो. रुपचंदने पाय उचललाही होता. धुरपदाबाईने त्याला अडवलं.

"धुळे कसाले? आपली पेटी शे ना तठे."

नथ्थूने नंतर हे सगळ्या गावाला सांगितलं. ट्रक गेला. ती पोरीला खांद्यावर टाकून माझ्याकडे आली.

कुंदाबाईंनी पोरीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाण्यात पुडी कालवून चमच्याने पाजायला घेतली. पोरीच्या पोटात काही ठरेना. धुरपदाबाई मात्र धीराने बसली होती, जरासुद्धा घाबरलेली नव्हती. तिला ठाऊक होतं ना, आता पेटी उघडतील, बाटली टांगतील, आणि आपण उठून बसलो तशी लिला उठून बसेल. कुंदाबाई उठेनात, तेव्हा तिला वाटलं, किल्ली सापडत नसेल.

"बाई, पेटी उघाडा ना."

कुंदाबाई चमच्याने पाजतच राहिल्या. मग धुरपदाबाई स्वतःच उठली. मला कुलूप नव्हतं. रिकाम्या पेटीला कुलूप कोण लावतं? ज्या झाकणावर तिने इतकी वर्षं फुलं ठेवली होती, ते तिने पहिल्यांदा वर केलं. आत थोडा पेंढा होता आणि एक जुना पेपर.

ती ओरडली नाही, रडली नाही. आत बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "हाई ते रिकामी शे." जणू ही दुसरीच कुठली पेटी आहे, आणि तिची पेटी कोणीतरी हलवून ठेवली आहे.

कुंदाबाईंनी तेव्हा सगळं खरं सांगितलं, त्यांच्या तोंडून ते रडतच बाहेर पडलं. रुपचंद कुणाची तरी राजदूत फटफटी घेऊन मोहदरला सुटला. तो पोचला तेव्हा साहेब जेवायला बसले होते. जेवण झाल्यावर पेटी बघणार होते आणि तोवर पेटीतलं काही हलवायचं नाही असं ठरलं होतं. रुपचंद आमच्या डॉक्टरांच्या पायाशी बसला. झुलाल तिथेच होता, त्याने नंतर कुंदाबाईंना सांगितलं. डॉक्टर दोनदा उठले, पेटीच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा परत येऊन बसले. साहेबांचं जेवण झालं, सुपारी झाली, मग त्यांनी मोहदरची पेटी उघडून पाहिली. अर्ध्या फाटक्या लेबलाची बाटली त्यांनी तिथेही हातात घेतली. काही न बोलता ठेवून दिली. समाधानकारक.

लिला दुपारीच गेली होती.

राजदूतला ती गोणी झेपणारी नव्हती, म्हणून रुपचंद झुलालबरोबर एसटीने परत आला. खड्ड्यांत बाटल्या फुटू नयेत म्हणून गोणी त्याने सगळा रस्ता स्वतःच्या मांडीवर धरली होती. त्याला घरी काय झालंय ते अजून कळलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पुन्हा काठोकाठ भरले.

आता तुम्ही म्हणाल, मग तरी उपयोग झाला असेल. झाला ना. रात्रीपर्यंत आणखी बारा-पंधरा जण आले आणि त्यांतले जवळजवळ सगळे वाचले. पावडरीचे डबे फोडले, विहिरीत पावडर पडली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! पुढच्या आठवड्यात एक समिती आली. तिला साहेबांचा शेरा दाखवला. सोमवारचा शेरा, साठा समाधानकारक. समितीनेही तेच लिहून नेलं. ज्या पेटीतून बाटली मिळाली नाही, ती पेटी कागदावर आदल्याच दिवशी भरलेली होती. आता पोर कशाने मेली? आणायला उशीर झाला म्हणून. आईबापाचा निष्काळजीपणा. असं लिहिलं, मित्रांनो. असं लिहिलं.

त्या वर्षी दसऱ्याला धुरपदाबाई येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली. हातात ताट नव्हतं. कुंदाबाई उठून उभ्या राहिल्या. नव्या बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी तिला ओळखलं नाही, म्हणाले, अक्का, पूजा करायची असेल तर करून घ्या, पेटी तिकडे आहे.

"मले पूजा नही करनी," ती म्हणाली. "मले मझार देखनं शे."

डॉक्टरांना कळेना. कुंदाबाईंनी पुढे होऊन झाकण उघडलं. धुरपदाबाईने आत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि निघून गेली. मग ती दर मंगळवारी यायला लागली. बाजाराची पिशवी दाराशी ठेवायची, झाकण उचलायची, बघायची, जायची. एक शब्द नाही. पहिल्या डॉक्टरांनंतर माझा मंगळवार मला परत मिळाला, पण तो कुठल्या किमतीला मिळाला ते मला विचारू नका.

नव्या डॉक्टरांना तिचा राग यायचा. सरकारी खोलीत बाहेरची बाई कशी येते, असं एकदा ते बोलले. कुंदाबाईंनी त्यांना बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं, त्यानंतर ते मंगळवारी त्या वेळेला व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. पुढच्या तपासणीच्या वेळी मोहदरहून बाटल्यांसाठी माणूस आला, तर झुलालने गोणी काढलीच नाही. "मंगळवारले अक्का येई," असं म्हणून तो दुसरीकडे निघून गेला. कुणाच्या मेमोला न भिणारा झुलाल त्या बाईच्या न बोलण्याला भ्यायला. आणि नसलेलं सामान जिल्ह्याकडून येत नाही म्हणता म्हणता यायलाही लागलं. मागायचंच सगळ्यांनी बंद केलं होतं, हे तेव्हा उघड झालं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची आवई उठली. आमच्या भागातली पुष्कळ माणसं तिकडे पोटासाठी गेलेली. ती एसटीच्या टपावर बसून परतली. तोंडाला रुमाल, डोळ्यांत भीती. त्या वेळी मात्र मी भरलेली होते, कॅप्सूल घ्यायला रांग लागली तेव्हा कुणाला पेंढा दिसला नाही. सत्कार झाले. भाषणात एक पुढारी म्हणाला की आमचा दवाखाना सदैव सज्ज असतो. धुरपदाबाई मागे उभी होती. तिने ते ऐकलं आणि ती भाषण संपायच्या आत निघून गेली.

त्यालाही आता चार-पाच वर्षं झाली. भीती गेली की शहाणपण तिच्याबरोबर जातं, हे मी दोनदा पाहिलं आहे. उरलेल्या कॅप्सूल कोणीतरी नेऊन कोंबड्यांना घातल्या. कुंदाबाई निवृत्त झाल्या, झुलाल गेला. धुरपदाबाईचे गुडघे धरले आहेत, चढावरून तिला येववत नाही म्हणतात. किती मंगळवार झाले, माझं झाकण कुणी उचललेलं नाही. पोट पुन्हा हलकं व्हायला लागलं आहे, ते मला आतून कळतं. आणि आज सकाळी या खोलीत मी काय ऐकलं सांगू? तपासणी जवळ आली आहे. मोहदरहून बाटल्या मागवून घ्या, असं आत्ताचे डॉक्टर नव्या शिपायाला सांगत होते. कोपऱ्यात गोणी आणून टाकली आहे. तिला पेंढ्याचा वास येतो आहे.

मित्रांनो, मला रंग देऊ नका. हार घालू नका, दसऱ्याला फुलं तर मुळीच वाहू नका. माझ्यावर भरपूर हळद-कुंकू पडलेलं आहे आणि त्याने कुणाला वाचवलेलं नाही. कुणी त्या बाजूला जाणार असाल तर धुरपदाबाईला निरोप द्या, पेटी वाट बघते आहे म्हणावं. तिला उठवत नसेल तर तुम्ही या. मंगळवारी या. कुणाची परवानगी विचारू नका, मला कुलूप नाही. झाकण उचला आणि आत वाकून बघा.